गोपाळच्या डोक्यावरून कोंबडीच्या पोटाखाली

मी खाणीवरचं एक जुनं, पिवळं हेल्मेट आहे. सध्या माझ्यात पिसं आणि अंड्यांची टरफलं आहेत, म्हणून हसू नका. मित्रांनो, अकरा वर्षं एकाच डोक्यावर बसूनही त्या डोक्याच्या आत काय चालतं हे मला कधी कळलं नाही, आणि ते जाणून घ्यायची माझी खोड अजून गेलेली नाही.

साच्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. पुढे मला लाटंबार्शे गावचा गोपाळ भेटला, खाणीवरचा फोरमन. त्याच्या घामाने माझे आतले पट्टे कुजून तुटले, लाल मातीने रंग बदलला. पण तो पाळीतल्या पोरांवर "पयलां हेल्मेट घाल रे!" असा ओरडायचा, तेव्हा मला भारी ऐट वाटायची. गेल्या वर्षी खाण बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली. पोरं घाबरून गोपाळकडे आली. त्याने ठासून सांगितलं, "काय होवचा नाय. बिनघोर रवा."

सहा महिन्यांनी सगळेच घरी बसले.

गोपाळने मला मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, लाकडांच्या ढिगावर भिरकावलं. तो कुणाचा फोन घेईना. पाळीतलं कुणी वाटेवर दिसलं की मागच्या दाराने मांगरात येऊन गप्प बसायचा. काम गेल्याचं दुःख मला समजत होतं. माझंही गेलं होतं. पण हा लपतो का, हे काही केल्या उमगेना.

अशातच त्याच्या बायकोच्या, वत्सलाच्या, गावठी कोंबडीने माझ्यात अंडी घातली. वत्सलाने खाली पेंढा सारला आणि कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली. गोपाळ मला भंगारात द्यायला उचलू गेला, तर तिने त्याच्या बोटाला कचकन चोच मारली.

"हात लावू नकात," वत्सला दारातून म्हणाली. "ती एकवीस दिसांनी उठतली. तुमी कधी उठतलात, ता सांगा."

तो बोट चोखत निघून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून तो कोंबडीला बघायला येऊ लागला. तिच्यापुढे पाणी ठेवी, दिवस मोजी. विसाव्या दिवशी त्याने एक अंडं कानाला लावलं आणि ओरडला, "वत्सला, आतून आवाज येता गो!" मीही कान टवकारले असते, पण मला कान नाहीत.

वत्सला मोठी हुशार. पिल्लं बाहेर पडताच तिने पाळीतल्या निलेशला निरोप धाडला की तुझ्या आईसाठी पिल्लं बघून जा. निलेश आला तो आणखी चौघांना घेऊनच. गोपाळच्या हातात पिल्लू होतं, त्यामुळे त्याला पळता येईना. त्याचे डोळे भरून आले.

"मी तुमका फसयलंय रे," तो म्हणाला. "काय होवचा नाय म्हणालंय."

अस्सं! म्हणजे इतके महिने त्या डोक्यात हे चाललं होतं.

निलेश त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "दादा, खाण काय तुमी बंद केलात? तुमी तसा सांगलात म्हणान ते सहा म्हयने आमी सुखान निजलों. आता दर आयतवारी आमी देवळात बसतों, मनातला बोलतों. तुमी तेवढे नसतात."

गोपाळ हमसून हमसून रडला. कोंबडी चिडून फडफडली आणि सगळे हसले. रविवारी तो देवळात गेला, उघड्या डोक्याने. नवं काम अजून मिळालेलं नाही, पण फोन मात्र तो आता उचलतो.

मित्रांनो, वरून पडणारे दगड मी पुष्कळ झेलले. जे दगड माणसाच्या आतच कोसळतात, त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. तिथे तुम्हीच हवेत. काम गेलेलं कुणी तुम्हाला टाळू लागलं, तर त्याच्या येण्याची वाट बघू नका, तुम्हीच त्याच्या दारी जा. पिल्लं बघायचं निमित्तही चालतं.