कपाळ बघायचं

आमच्या मुलीच्या पायांना काही कळत नाही. पायाला चटका बसला, बूट चावला, काही टोचलं, तर ते तिच्या कपाळावर उमटतं. आधी घाम फुटतो, मग चेहरा लाल होतो, डोकं ठणकायला लागतं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. रक्तदाब एकदम चढतो, कारण लगेच शोधून दूर करा, नाहीतर जिवावर बेतेल. मला तेव्हा निम्मंच कळलं. हिने मात्र ते दोन शब्दांत आणून ठेवलं. "कपाळ बघायचं."

ही म्हणजे माझी बायको. गेल्या थंडीत ती गेली. आता कपाळ मी बघतो.

मी आयुष्यभर बस चालवली. आरशात बघायची सवय अंगात मुरली आहे. त्यामुळे जेवताना, टीव्ही बघताना माझी नजर मुलीच्या कपाळाकडे जातेच. ती वैतागते. "बाबा, एवढं काय लिहून ठेवलंय तिथे?"

तिला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हिने ठेवलेलं नाव. मोठी झाल्यावर गच्चीवरच्या मधाच्या पेट्या तपासताना ती तोल जाऊन पडली. कणा मोडला, उरापासून खालचं अंग गेलं. त्यानंतर ते नाव घ्यायला आमची जीभ वळेना. तीच म्हणाली, "अहो, आता तर चाकं लागलीत. आता खरी भिंगरी."

नातेवाईक म्हणाले, त्या पेट्या आधी घरातून काढा. हिने त्या गच्चीवरून उतरवल्या आणि अंगणात ठेंगण्या स्टुलांवर मांडल्या, चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल अशा. त्या मायलेकींच्या मध्ये बोलून मला कधी यश आलेलं नाही.

हिच्या आजारपणात पेट्यांची आबाळ झाली. एक सोडून सगळ्या रिकाम्या झाल्या. हिने आणून वाढवलेल्या माश्यांचा तेवढाच वंश उरला होता. आणि परवा सकाळी तोही उडाला.

आमच्या मागे लाँड्री आहे. लाँड्रीवाला धापा टाकत आला. "ड्रायव्हरसाहेब, तुमचं लटांबर माझ्या दोरीवर येऊन बसलंय! गिऱ्हाइकाच्या चादरी आहेत तिथे. मी फवारणीवाल्याला फोन केलाय."

"काका, तो आला की त्याला चहा पाजा," भिंगरी खुर्ची वळवत म्हणाली. "गप्पांत तर तुम्ही कुणाला हार जात नाही."

लाँड्रीच्या मागच्या फरशीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या मध्ये दोरीला उशीएवढा काळपट घोस लोंबत होता. नीट बघितलं तर तो हलत होता. माश्यांना धरून माश्या, त्यांना धरून आणखी माश्या.

"उभा माणूस खाली पेटी धरून दोरी झटकतो," भिंगरी म्हणाली. "मला तेवढं उचलायला जमणार नाही. मी मांडीवर घेते."

"मांडीवर?"

"चादर पसरून. पुढे स्टुलावर पेटी ठेवायची, चादरीचं टोक तिच्या दाराशी. पेटीत जुनं पोळं आहे. वास लागला की चालत जातील."

"आणि पायाला चावल्या तर?"

"मला कुठे कळणार आहे?"

"तेच तर! तुला कळणार नाही आणि रक्तदाब चढेल. तुझी आई असती तर..."

"आईने एव्हाना पेटी आणली असती."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मला दुसरं कोण आहे? पण ते बोलवेना. मग मला एक बिनतोड मुद्दा सापडला. "तू तोंडावर ती काळी जाळी घालणार. जाळीतून मला कपाळ दिसत नाही. म्हणजे नाही. विषय संपला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या घोसाकडे. जाळीची टोपी तिच्या हातात होती. ती तिने लाँड्रीवाल्याकडे दिली आणि केस कपाळावरून मागे बांधले.

"आता दिसतंय?"

दिसत होतं.

"तुम्ही थांब म्हणालात की थांबेन. लगेच. पण घाम दिसला म्हणून म्हणायचं. भीती वाटली म्हणून नाही."

मी जन्मभर इतकी माणसं सुखरूप पोचवली, पण कुणी माझ्यावर असा भरवसा टाकलेला आठवत नाही. मी पेटी आणली.

लाँड्रीवाल्याने स्वतःची एक चादर दिली आणि दाराआड जाऊन उभा राहिला. मी खुर्ची घोसाखाली नेली, ब्रेक लावले, तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बाजूला सरकलो. तिने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि एकच हिसका दिला.

ओलं कापड पडावं तसा आवाज झाला. माश्या तिच्या मांडीवर पडल्या, फुटल्या, सगळीकडे उडाल्या. मला क्षणभर मुलगीच दिसेना. माझा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, बसमध्ये असल्यासारखा. तोंडातून शब्द बाहेर पडणारच होता. तो मी गिळला आणि कपाळ शोधलं. भुवईवर एक माशी, केसांत दोन-चार. मधलं कपाळ कोरडं. डोळे मात्र चष्म्याआड भरून वाहत होते.

"बाबा," ती ओठ न हलवता म्हणाली, "राणी गेली. आत गेली. बघा आता."

मी बघितलं. पेटीच्या दाराशी काही माश्या शेपटं वर करून पंख हलवत उभ्या राहिल्या. मग मांडीवरचा तो सगळा गोंधळ एका दिशेला वळला. हजारो माश्या तिच्या मांड्यांवरून, गुडघ्यांवरून, पांढऱ्या चादरीवरून पेटीकडे चालू लागल्या. उडाल्या नाहीत, चालत गेल्या. जे पाय मी रोज उचलून पलंगावर ठेवतो, त्यांच्यावरून एवढं जिवंत काही जात होतं आणि ते पाय स्थिर होते. माझ्यासारख्याचे असते तर केव्हाच पळाले असते. हिला हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं, आणि त्याच वेळी भिंगरीच्या केसांच्या कडेला काहीतरी चमकलं. एक थेंब. मग दुसरा.

"थांब."

तिने तत्क्षणी हात वर केले. अजून ओंजळभर माश्या चादरीवर होत्या. तिने "एवढ्या जाऊ देत" असंही म्हटलं नाही. मी ब्रेक काढले, चादर सोडवली, खुर्ची मागे ओढून तिला ताठ बसवलं. तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"ठणकतंय," ती म्हणाली.

मी खाली बसलो. कमरेचा पट्टा सैल केला, बूट काढले, पायजमा गुडघ्याच्या वर सरकवला. उजव्या गुडघ्यामागे, घडीत, दोन नांग्या रुतल्या होत्या. एक मी नखाने खरवडून काढली. दुसरी निसटत होती, शेवटी तीही निघाली. माझा हात तिच्या पायावर होता आणि तो तिला कळत नव्हता. मी मान वर करून बघत राहिलो. लाली हळूहळू उतरली. घाम थांबला. कपाळ कोरडं झालं.

"काढल्यात ना?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"डोक्यातला ठणका उतरला."

चादरीवरच्या शेवटच्या माश्या आपल्या आपण आत शिरल्या. फवारणीवाल्याला फोनवर नको म्हणत दाराआडून लाँड्रीवाला बाहेर आला. चादरीवर माश्यांचे पिवळे ठिपके पडले होते. त्याने ती उचलून उजेडात धरली.

"हा डाग जात नाही," तो म्हणाला.

"काका, नवी घेऊन देते."

"छे, छे." त्याने चादरीची नीट घडी घातली. "ही आता धुवायची नाही."

पेटी मी उचलली. आत माश्यांचा आवाज भरला होता आणि तो माझ्या हातांना कळत होता. भिंगरी पुढे निघाली, मी मागे. वळणावर तिने खुर्ची थांबवून माझ्याकडे तोंड केलं, मला कपाळ दिसेल असं.

मी बघितलं.

"चल," म्हणालो.