शहरात गाडी कोण नेतो

मी रोह्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पेणच्या स्टँडवर ते मला सहा वर्षं ऐकवत होते, जसं काय मलाच ठाऊक नाय. प्रणित, रोह्याचा, कंपनीची बस चालवायचा. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, माणसं भरा, गेटवर सोडा, रिकामी गाडी घेऊन परत या. त्यावरून तिथल्या जुन्या ड्रायव्हरने, नाथाभाऊने, माझं नावच पाडलं, शिफ्ट. "ए शिफ्ट, कोलाडच्या पुढे गेलायस का कधी?" एवढं बोलून तो बिस्कीट चहात बुडवायचा आणि बाकीचे खो खो हसायचे. हसणाऱ्यांच्या बापाचं काय जात होतं.

बस सोडून मी पेणजवळ जोह्याला हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. माझ्याकडे छोटा टेम्पो. रंगाचे डबे आणा, पेणच्या दुकानांना मूर्ती पोचवा, असली कामं. मोठी गाडी नाथाभाऊकडे. पावसाळा लागला की तो मूर्ती भरून बेंगलोरला जायचा, हैदराबादला जायचा, इंदूरला जायचा. बावीस वर्षं जात होता आणि त्याच्या गाडीत एका मूर्तीचं बोटसुद्धा कधी तुटलं नाय. ते खरं आहे, खोटं कशाला बोलू.

गणपती झाले की पेणच्या एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर जमायचे आणि भांडण सुरू व्हायचं, की गाडी चालवायला सगळ्यात वाईट शहर कुठलं. कोणी म्हणायचा पुणं, डावीकडून कधी कोण स्कूटर घालेल सांगता येत नाय. कोणी म्हणायचा इंदूर, तिथे सिग्नल शोभेला लावलेत. सगळ्यांचं बोलून झालं की नाथाभाऊ निकाल द्यायचा. "पहिला नंबर बेंगलोर. हैदराबाद दुसरा. पुणं तिसरं, पुण्याला निदान शिव्या तरी आपल्या भाषेत मिळतात." मग बेंगलोर कसं, ते सांगायचा. गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल, मेट्रोचे खांब, दोन बसच्या मध्ये वीतभर जागा आणि त्या जागेत तीन रिक्षा. बोलताना हात असे हवेत फिरवायचा की समोर स्टेअरिंग आहे असं वाटावं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. मीही ऐकायचो आणि माझं डोकं तापायचं.

गेल्या वर्षी बेंगलोरच्या मंडळांनी जास्त मूर्ती मागितल्या. मधे गाडी थांबवून चालणार नव्हतं, म्हणून हैबतरावांनी मला जोडीला बसवलं. नाथाभाऊ म्हणाला, "शिफ्टला घेऊन जाऊ? बरं, टायर बदलायला होईल." मी मनात म्हटलं, जाऊ दे, एकदा आत गाडी नेताना बघू तर दे कसा नेतो.

खोपोलीचा घाट, पुणं बाहेरून, सातारा, कोल्हापूर, बेळगाव. आळीपाळीने चालवलं. तो हायवेला चालवायचा ते बघण्यासारखं होतं, उगाच नाव ठेवणार नाय. खड्डा त्याला आधीच कळायचा. मागे पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती झोपल्यासारख्या गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला नेलमंगलाला पोचलो. तिथून पुढे बेंगलोर सुरू होतं. नाथाभाऊने गाडी एका हॉटेलासमोर घेतली, इंजिन बंद केलं, आणि फोन लावून हिंदीत बोलला, "मंजुनाथ, आ जा."

दहा मिनिटांत एक काळासा माणूस मोटरसायकलवरून आला. नाथाभाऊला नमस्कार केला आणि हात पुढे केला. किल्लीसाठी. नाथाभाऊने ती दिली.

मी विचारलं, "हा कोण?"

"लोकल ड्रायव्हर. आत हाच नेतो."

"म्हणजे? तू नाय नेत?"

"नाय," नाथाभाऊ म्हणाला. "कधीच नेली नाय. बेंगलोरला नाय, हैदराबादला नाय, कुठेच नाय. मला शहरात भीती वाटते."

मी विचारलं, कधी ठोकली होती काय, कोणाला उडवलं होतं काय. तो म्हणाला, "काय नाय रे झालं. कारण काय नाय. पहिल्या खेपेलाच हातपाय गळाले, ते आजपर्यंत." त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की दुसऱ्या कोणाला त्याची दया आली असती. मला आनंद झाला. उकळ्या फुटणं म्हणतात ना, तसा. बावीस वर्षं हा माणूस ज्या सिग्नलच्या गोष्टी सांगत होता, ते सिग्नल याने बाजूच्या सीटवर बसून बघितले होते.

मी जोरात हसलो. म्हटलं, "सहा वर्षं मला शिफ्ट म्हणतोस, आणि तू स्वतः पॅसेंजर?"

नाथाभाऊने मंजुनाथच्या हातातली किल्ली परत घेतली आणि माझ्यापुढे धरली. "मग तू ने," म्हणाला.

नेली मी. तुम्हाला सांगायला काय जातंय, आता सगळ्यांनाच माहीत आहे. टोलपर्यंत ठीक होतं. मग रस्ता फुटला, एक वर पुलावर, एक खाली, आणि मी मधल्या पट्ट्यात राहिलो. उजवीकडे बस, डावीकडे बस, पुढ्यात मोटरसायकलींचा थवा, मागून हॉर्न. माझा पाय क्लचवर थरथरायला लागला. गाडी बंद पडली. चालू केली, परत बंद पडली. एक पोलीस येऊन दरवाजावर हात आपटून कानडीत काय काय बोलत होता. मी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. लहान मुलासारखा.

नाथाभाऊने मंजुनाथला फोन केला. तो मोटरसायकल घेऊन मागेच येत होता बहुतेक, लगेच आला. पोलिसाला त्याच्या भाषेत काय सांगितलं कोणास ठाऊक, मला बाजूला सरकवलं आणि गाडी आत नेली. एका हाताने, पान खात.

परत येताना नाथाभाऊ एवढंच म्हणाला, "होतं असं. कोणाला सांगायचं नाय. तुझं पण नाय, माझं पण नाय." मी व्हय म्हटलं.

पेणला आलो त्या दिवशी संध्याकाळी टपरीवर सगळे होते. हैबतरावही होते. कोणीतरी विचारलं, "काय रे शिफ्ट, बेंगलोर बघितलंस काय?" परत ते हसणं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. नाथाभाऊ बावीस वर्षं शहरात गाडी नेत नाय, वेशीवर लोकल ड्रायव्हर करतो, बाजूला बसून डोळे मिटतो. डोळ्यांचं मी पदरचं घातलं. "मग यंदा कोणी नेली?" हैबतरावांनी विचारलं.

"मी नेली," मी म्हटलं.

नाथाभाऊ समोरच होता. आता हा तोंड उघडणार आणि माझं वाटोळं होणार, असं वाटून मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ग्लास खाली ठेवला. "व्हय," तो म्हणाला. "मी कधीच नेली नाय. यानेच नेली."

असं का म्हणाला, ते मला तेव्हा कळलं नाय. मी म्हटलं, म्हाताऱ्याची हवा गेली, संपलं.

त्यानंतर स्टँडवरच्यांनी त्याला सोडलं नाय. माणसं किती नीच असतात ते तेव्हा बघितलं, आणि त्यात मी पहिला होतो. तो टपरीवर आला की कोणीतरी उठून सीट पुसायचा, "बसा पॅसेंजर." कोणी विचारायचा, "नाथाभाऊ, पेणच्या बाजारातून जायचंय, डोळे मिटू काय?" एकदा त्याची बायको, पुतळी, बाजारात आली होती, तर तिलाही, "काय गो वहिनी, घरी तरी हाच चालवतो का लोकल हाय?" ती बाई पिशवी तिथेच टाकून निघून गेली. मी हसलो. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जोरात मीच हसलो. हैबतरावांनी मोठी गाडी त्याच्याकडून काढून मला दिली आणि माझा छोटा टेम्पो त्याला. बावीस वर्षांनी तो रंगाचे डबे आणायला लागला. टपरीवर यायचा तो कोपऱ्यात बसायचा आणि बिस्कीट कोरडंच खायचा.

यंदा परत बेंगलोरची खेप आली. मी आधीच मंजुनाथचा नंबर मिळवून ठेवला होता. एकटा जाणार, वेशीवर त्याला बसवणार, कोणाला काय कळणार. असा सगळा हिशेब जुळवून मी निवांत होतो.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. लांब जाणाऱ्या मूर्तींचे डोळे इथे आखत नाय. डोळे उघडलेली मूर्ती रस्त्यात भंगली तर हैबतरावांना ते सोसत नाय. म्हणून मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी जातात आणि आखणारा माणूस ट्रेनने मागून जातो. यंदा आखणीला हैबतरावांची मुलगी मृणाली जाणार होती. हात सोन्याचा, तोंड मात्र बंद नसतं. सकाळी काय खाल्लं तेही बापाला फोन करून सांगते.

गाडी भरताना नाथाभाऊ पेंढा देत होता. तो हैबतरावांना म्हणाला, "मालक, ट्रेनने एकटी कशाला? गाडीतूनच जाऊ दे की. माझ्याबरोबर जायची असती तर मीच पाठवू नका म्हटलं असतं. पण प्रणित शहरात गाडी नेतो. काय काळजी नाय."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाय. मी म्हटलं, पोट बरं नाय, दोन दिवसांनी निघू. हैबतराव म्हणाले, "तुझ्याशिवाय आत नेणारा कोण हाय आमच्याकडे?" माझीच थाप होती ती, मग निघालो.

अख्खा रस्ता मृणाली बोलत होती. "दादा, मला गोरगुंटेपाळ्याचा व्हिडिओ काढायचाय. तू चालवतोस तसा. बाबांनी सांगितलंय, स्टँडवर सगळ्यांना बघायचाय." कोल्हापूरपासून माझ्या पोटात खरंच कळा यायला लागल्या.

नेलमंगलाला पोचलो. तेच हॉटेल, तीच वेळ. मृणाली चहा सांगायला गेली. मी गाडीच्या मागे जाऊन मंजुनाथला फोन लावला. बंद. परत लावला, बंद. दोन-तीन लोकल ड्रायव्हर गाडी बघून जवळ आले, पण मंजुनाथ मंडळाचा माणूस म्हणून खपला असता, यांच्यातल्या कोणाला बसवू? तिच्या डोळ्यांदेखत बसवू? आत नेली तर ठोकणार, हे मला आरशात बघितल्यासारखं दिसत होतं. तिला काय झालं तर? आणि नाय नेली तर पेणला तोंड कुठे दाखवू? विचार करून करून मी शेवटी नाथाभाऊला फोन केला. या जगात ज्याला ही भीती माहीत होती असा तोच एक माणूस होता.

"भाऊ," मी म्हटलं, "मी वेशीवर हाय. मंजुनाथचा फोन बंद हाय. काय करू?"

"कशाला पाहिजे मंजुनाथ?"

"असं नको ना करू भाऊ. तुला ठाऊक हाय. मला नाय जमत."

"आवाज येत नाय रे. स्टँडवर गाड्या हायत. नीट बोल."

"मला नाय जमत शहरात गाडी न्यायला," मी जरा मोठ्याने म्हटलं.

"अजून मोठ्याने. गेल्या वर्षी तर नेलीस."

"नाय नेली," मी ओरडलो. "मंजुनाथने नेली. मी रस्त्यात गाडी बंद पाडून बसलो होतो. मी खोटं बोललो भाऊ. माझं चुकलं, तुझे पाय धरतो, पण आता मालकांना काहीतरी सांग आणि मला यातून काढ."

पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं, त्याच्यामागून दुसरा, आणि ग्लास बाकावर आपटल्याचा आवाज आला. मग ओळखीचा खोकला. हैबतरावांचा.

"फोन स्पीकरवरच होता रे," नाथाभाऊ म्हणाला. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "सकाळी सहा वाजल्यापासून सगळ्यांना घेऊन बसलोय. मंजुनाथला मीच फोन बंद ठेवायला सांगितलं. म्हटलं, हा करणार फोन."

मी मान वळवली. मृणाली दोन हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन माझ्या मागे उभी होती, कधीपासून ते मला माहीत नाय.

"मुलीला दे फोन," हैबतराव म्हणाले.

मी दिला. तिने ग्लास खाली ठेवले आणि फोन कानाला लावला. "व्हय बाबा," म्हणाली. "व्हय. ऐकलं मी. इथे लोकल ड्रायव्हर उभे आहेत, एकाला बसवते." मग माझ्याकडे न बघता तिने किल्लीसाठी हात पुढे केला.