कनकाअक्कांची इंग्रजी उडी

तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या भजनमंडळात यंदा ठरलं, की रामनवमीचं कीर्तन अर्धं इंग्रजीत व्हायचं. तंजावरी मराठी घरांतली नातवंडं आता तमिळ आणि इंग्रजीच बोलतात. मारुतीनं समुद्र ओलांडला, हे त्यांना कळेल अशा भाषेत सांगायला नको?

"मग यंदा मी उभा राहतो," सुधींद्र म्हणाले. "अक्काला इंग्रजी कुठं वाचता येतं?"

कनकाअक्का ही त्यांची थोरली बहीण. वय एकसष्ट, तीस वर्षं आमची कीर्तनकार. सुधींद्र मागं झांज घेऊन साथीला. लहानपणी त्यांना इंग्रजी शाळेत घातलं आणि अक्कांना पाचवीनंतर घरी बसवलं, भावाचा डबा पोचवायला. मुलीला इंग्रजी कशाला?

अक्का तडक माझ्या दारात. मी सोलापूरची, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, आणि कीर्तन म्हटलं की गॅसवरचं दूध विसरणारी.

"चित्रा, तीन महिने आहेत. मज वाचायला शिकव."

"अक्का, मी मराठी अक्षरांत लिहून देते. तुमचं पाठांतर केवढं! दोन दिवसांत होईल."

"सेरी, बरं, होईल. पण हातातला कागद मज वाचता येऊ नये? रामासमोर लबाडी? अय्यो!"

मी अक्षरं दाखवली, त्यांनी त्यांना चाली लावल्या. खोकल्याच्या बाटलीवरचं 'शेक वेल बिफोर यूज' दिंडीच्या चालीत असं डुललं, की बाटली वेगळी हलवायला नको. लांबलचक शब्द आला की त्या चिपळ्या काढायच्या. एकेक तुकडा, एकेक टक. शेअर ऑटोत दुकानांच्या पाट्या गाऊन व्हायच्या. ड्रायव्हर मान डोलवायचा आणि आमचा थांबा मागं राहायचा.

"सुधींद्रांचं इंग्रजी छान आहे हो," मी एकदा म्हटलं.

"तो नोकरीसाठी शिकला. नोकरी संपली, आता बँकेत तेवढं बोलतो. मज मारुतीला पलीकडं न्यायचंय!"

रामनवमीला हॉल भरला. अक्कांच्या हातात स्वतः मोठ्या अक्षरांत उतरवून काढलेले कागद. इंग्रजी सुरू झालं आणि पोरं मोबाइल विसरली. मी पेटीवर साथीला होते. सुधींद्र वाकून माझ्या कानात म्हणाले, "सगळं पाठ केलंय. वाचत नाही ती."

एवढ्यात वॉचमननं एक चिठ्ठी आणून त्यांच्या हातात दिली. इंग्रजी अक्षरं दिसली तेवढी, सुधींद्रांनी मजकूर वाचलासुद्धा नाही. डोळे मात्र चमकले. दोन पावलं पुढं होऊन त्यांनी ती अक्कांसमोर धरली.

"अक्का, काही सूचना आहे. इंग्रजीत. वाच."

मारुती भर समुद्रावर लटकला! त्यांनी चष्मा वर सरकवला. बोट शब्दांवरून पुढं गेलं, थबकलं. ओठ हलले. मग चिपळ्या वाजल्या: टक, टक, टक, टक, टक.

आणि अक्कांनी तान घेतली. कीर्तनात एकदा सूर लागला की सूचनासुद्धा बोलायची नाही, गायचीच!

"ग्रे कार... नंबर फोर टू सेव्हन वन... इज ब्लॉकिंग द गेट... प्लीज रिमूव्ह, इ-मी-डि-एट-ली!"

शेवटची ओळ मागच्यांनी उचलायची, हा नेम. तीस वर्षांची सवय, सुधींद्रांनी डोळे मिटून, झांज खणखणवत, खड्या आवाजात ओळ उचलली: "प्लीज रिमूव्ह इमीडिएटली!"

हॉलभर पोरांनी धरलं, "इ-मी-डि-एट-ली!" आज्यांनी टाळ्यांचा ठेका दिला. सुधींद्र तर दुसरं आवर्तन घेणार, तोच त्यांची नात जननी किंचाळली, "तात्ता! ती आपली कार!"

सुधींद्रांचे डोळे उघडले. मग धोतराचा सोगा हातात धरून ते जे धावले! झांज बोटांत तशीच. दारापर्यंत ती ठेक्यात वाजत गेली. मला हसता हसता पेटीचा भाता धरवेना. अक्का मात्र एक सूर न चुकता म्हणाल्या, "अँड हनुमान जम्प्ड!"

सगळा हॉल हसून लोळला.

दहा मिनिटांनी सुधींद्र घामाघूम परतले, गुपचूप मागं उभे राहिले. "अक्का, कुठवर आलं?"

"मारुती लंकेत पोचला. तू गेटापर्यंतच गेलास."

सुधींद्रांनी उपरण्यानं तोंड पुसलं, हसू तिथंच लपवलं आणि झांज सावरली. "म्हण पुढं. मी मागं आहे."