उलटी सही

लंडनमधल्या लॅम्बेथच्या जेबेझ थर्लोने स्वतःच्या डोक्यातून अकरा देव काढले होते, आणि त्यांच्यावरच्या कवितांची चित्रांसकट पुस्तकं तो घरीच छापायचा. तांब्याच्या पत्र्यावर रोगणाने उलटी अक्षरं काढायची, पत्रा तेजाबात सोडायचा, की बाकीचं तांबं झिजून अक्षरं वर उठत आणि छापताना ती सुलटी उमटत. लग्नाच्या वहीत सहीऐवजी फुली मारणाऱ्या बायकोला, डॉर्कसला, त्याने अक्षरं शिकवली ती याच पत्र्यांवर. छापलेलं तिला छान वाचता येई, पण लिहिताना हात चाले तो उजवीकडून डावीकडे. सुलटं शिकवायचं राहून गेलं. खरं म्हणजे त्याने ते राहू दिलं. निम्मे पत्रे तीच लिहीत होती ना! गिऱ्हाइकांना मात्र तो छातीठोकपणे सांगे, "अक्षर न् अक्षर माझ्या हातचं. देवदूत सांगतात, मी लिहितो."

भाचीच्या लग्नात साक्षीदार म्हणून डॉर्कसला बोलावलं. आठवडाभर ती हरखून गेली होती. या खेपेला फुली नाही, नाव! तिने लेखणी उचलली, आणि सगळे बघताहेत म्हणून घाबरलेला हात सवयीने उजव्या कडेपासून सुरू झाला.

"अहो बाई, उजवीकडून लिहिताय, हे हिब्रू की काय?" चर्चचा कारकून खो खो हसला. "का जेवणाआधीच पिऊन आलात?"

जेबेझची पुस्तकं विकत घेणारे मिस्टर पॅगेट शेजारीच होते. ते वहीवर वाकले. "थर्लो, हे वळण ओळखीचं वाटतंय हो."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जेबेझच्या तोंडून भलतंच निघालं. "हिला कुठलं लिहिता येतंय! रेघोट्या ओढते झालं. फुली मारू द्या."

डॉर्कसने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि फुली मारली.

घरी परतताना जेबेझला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला पहिलं अक्षर देणारी देवी त्याने रंगवली होती, तिला चेहराही डॉर्कसचाच दिला होता. कागदावर देवी आणि चारचौघांत अडाणी! त्याला स्वतःची किळस आली.

सकाळी त्याने नवा पत्रा तिच्यापुढे सरकवला. "खाली तुझं नाव घाल. मोठ्ठं. पॅगेटना मी स्वतः सांगतो."

"मला कुठलं लिहिता येतंय," डॉर्कस म्हणाली. आवाज रोजचाच होता. "तुम्हीच सांगितलंत. चर्चच्या वहीतही तसंच राहिलं. ते पुसता येईल का?"

"नाही," जेबेझ म्हणाला.