गोजराबाईचे गोंदण आणि विलायतेची तयारी

सुज्ञ वाचकहो, एक स्त्री समुद्रापलीकडे आपल्या पतीच्या घरी नांदावयास निघाली असता तिच्या अंतःकरणात जी किळस उत्पन्न झाली, तिचा वृत्तान्त प्रस्तुत कथेत निवेदन करण्यात येणार आहे. विषय ओंगळ आहे. परंतु ओंगळ गोष्ट झाकून ठेवल्याने ती शुद्ध होत नाही, म्हणून ती उघड सांगणे लेखकास प्राप्त झाले आहे.

मुळशी गावी, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर साळूबाईचे घर होते. तिचा एकुलता पुत्र वाल्मीक मुंबईस जहाजाच्या इंजिनखान्यात कामास लागला आणि पुढे विलायतेत उतरून तेथील एका लोखंडाच्या कारखान्यात कायम झाला. त्याची पत्नी गोजराबाई कित्येक वर्षे सासूजवळ राहून भाताची खाचरे राखीत होती. अखेरीस सन एकोणीसशे साठच्या दिवाळीनंतर वाल्मीकने तिला बोलावणे पाठविले. ते ऐकून ती बाई आनंदाने इतकी भांबावली की, तिने चुलीवरचा भात करपविला आणि करपलेला भात हसत हसत खाल्ला.

बोलावणे घेऊन आला तो भिकू, म्हणजे साळूबाईच्या मयत बहिणीचा मुलगा. तो जहाजावर भटारखान्यात चाकरीस असे व विलायतेस जाऊन येऊन असे. बुटासकट तो ओटीवर चढला, आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीकडे पाहून त्याने नाकास रुमाल लावला.

"मावशी, हा वास कसा सोसता तुमी?"

"कंचा वास रं?"

"शेणाचा."

"मेल्या, त्याच शेणात रांगत हुतास की! तवा मूठ भरून तोंडात बी घालायचास."

गोजराबाई पदराआड हसली. तथापि ते हसू फार दिवस टिकावयाचे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून भिकूने तिची तयारी आरंभिली. तिच्या पायांत त्याने बंद बूट चढविले. मग काट्याने खाण्याचे शिक्षण देण्यासाठी त्याने एक अर्धवट उकडलेले अंडे बशीत फोडले. आतला पिवळा बलक थरथरत पसरला.

"खा वयनी. तितं रोज सकाळी ह्येच खातात."

"भावजी, ह्ये शिजल्यालं न्हाई."

"असंच खायाचं असतंय. अडाण्यावानी करू नका."

तिने घास घेतला आणि मागील दारी धाव घेऊन ओकून टाकला. परत येऊन पाहते तो भिकू तिचेच अंडे मिटक्या मारीत खात होता, आणि बलकाचा ओघळ त्याच्या हनुवटीवरून गळपट्ट्यावर उतरला होता. शेणाचा वास ज्यास सोसवत नाही त्याचे ते माखलेले तोंड पाहून तिने मान फिरविली. पण नवऱ्याकडे जावयाचे आहे, अंडे काय, वेळ आली तर निखाराही गिळीन, असे तिने मनाशी म्हटले.

खरा निरोप भिकूने तिसऱ्या दिवशी सांगितला. तो सांगताना त्याने तिच्याकडे न पाहता मावशीकडे पाहिले.

"वाल्मीकदादानं सांगितलंय, गोंदण काढून आण. कपाळावरचं बी आन् हातावरचं बी. तितल्या बाया इचारत्यात, तोंडावर ही घाण कसली? कारखान्यातली मानसं हसत्यात. त्याला लाज वाटतीया."

गोजराबाईच्या कपाळावर तुळस गोंदलेली होती. ती लहानपणी आईने तिचे डोके मांडीत घट्ट धरून गोंदवून घेतली होती. उजव्या मनगटावरचा विंचू मात्र सासरचा. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा साळूबाईने तिला पाण्याच्या घागरीस शिवू दिले नव्हते. "आमच्या घरचा इच्चू हातावर चढल्याबिगर तुज्या हातचं पानी मी घ्येनार न्हाई," असे बजावून तिने गोंदणारीण बोलाविली होती. त्या घराची तशी रीतच होती.

तीच साळूबाई आता ते गोंदण जाळून काढावयास उत्साहाने बिब्बे घेऊन बसली. मुलगा सुखी व्हावा, एवढेच तिला दिसत होते. बिब्बा सुईला टोचून ती दिव्यावर धरी, गळणारे काळे तेल चुन्यात कालवी.

"आदी हातावर करून बघू," ती म्हणाली. "रंग सुटला तर मंग कपाळ."

लेप लागताच हाताला आग आग झाली. रात्रीतून फोड आले, चार दिवसांत ते फुटले, आणि मनगट पाण्यासारख्या पुवाने पाझरू लागले. चिंधी बांधावी तर चिकटे, सोडावी तर माश्या बसत. आपल्याच हाताचा वास तिला जेवताना येई व घास तोंडापाशी नेववत नसे. साळूबाईने चिंधी सोडून मनगट उजेडात धरले.

"सुटला की गं! नांगी गेली. आता उद्याच्याला कपाळ."

गोजराबाईने चिंधी पुन्हा बांधली. तिची पेटी भरून तयार होती, तीत नाचणीचे पीठ होते, कुळीथ होते, नवे लुगडे होते. भाजेल तर भाजो, दिसामासांनी बरे होईल, असे तिने स्वतःस समजाविले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई पुन्हा दिव्यापाशी बसली. बिब्ब्याच्या धुराने तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"पानी... पानी आन गं."

गोजराबाईने लगबगीने तांब्या भरून पुढे केला. साळूबाईने हात लांबविला, आणि तिची दृष्टी तांब्या धरलेल्या त्या चिघळलेल्या मनगटावर गेली. तिचा हात मागे आला. तोंड वाकडे झाले.

"ठिव तितं खाली," ती खोकत म्हणाली, आणि परसाकडे तोंड करून शेजारणीस ओरडली, "धोंडाबाई, जरा घोटभर पानी दे गं मला!"

गोजराबाई तांब्या धरून तशीच उभी राहिली.

"आत्याबाई, ह्यो हात तुमीच जाळलासा."

"व्हय, पर इच्चू ऱ्हायला न्हाई बये त्येच्यावर. आन् त्यो पू बी... मला शिसारी येतीया. आता तू का हितं ऱ्हानार हायेस? तुला काय त्येचं!"

भिकू रुमालाआडून बोलला, "वयनी, कपाळ उरकून घ्या. बोट काय थांबायची न्हाई."

तेव्हा गोजराबाईस इतक्या दिवसांची शिसारी एकाएकी गळ्यापर्यंत आली. अंड्याची नव्हे, पुवाचीही नव्हे.

"गोंदण ऱ्हायलं तर त्याला चालत न्हाई, गेलं तर तुमाला चालत न्हाई," ती म्हणाली. "आज त्याच्यासाठी कपाळ जाळीन, आन् उद्या त्यो त्याच जळक्या कपाळाकडं बघून असंच तोंड वाकडं करील. मग मी पानी कुनाला द्यायाचं?"

"मग दादाला काय सांगू?" भिकूने विचारले.

"सांगा, आईनं गोंदल्यालं कपाळ घिऊन येऊ देत असशील तर येती. न्हाईतर तुजी बाईल मुळशीतच बरी हाय म्हनावं."

इतके बोलून तिने चुना-बिब्ब्याची ती वाटी उचलली व उकिरड्यावर भिरकावली. बंद बूट भिकूच्या पुढ्यात ठेवले. मग उंबऱ्यावर बसून, सासूच्या डोळ्यांदेखत, त्याच जळक्या हाताने तांब्या तोंडास लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत ते पाणी ती स्वतः प्याली.

हा वृत्तान्त आपण शेवटपर्यंत वाचलात, आणि मध्येच नाक मुरडून पुस्तक मिटले नाहीत, याबद्दल सर्व वाचक बंधुभगिनींचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
हैबतराव कोंडाजी शेडगे
मुक्काम भरे, तालुका मुळशी