चिंचेतला खिळा

गळ्यातलं काढ. हातातलं काढ. पदर खोच.

बंकट सुतार जाऊन दोन पाडवे उलटले, पण लाकूड कापायच्या कटरच्या बटणाकडं हात गेला की वच्छलाबाईच्या कानात त्याचा आवाज अजून खणखणीत वाजतो. हातातलं काढायला आता काही उरलेलं नाही. साडीवर ती बंकटचा जुना सदरा चढवते, गुंड्या वरपर्यंत लावते आणि गळ्यातला चांदीचा टाक काढून खुंटीला अडकवते.

टाक गीताबाईच्या नावाचा आहे. गीताबाई म्हणजे बंकटची पहिली बायको, बहात्तरच्या दुष्काळात आडात गेलेली. मागून आलेलीनं आधीचीला गळ्यात वागवायचं, म्हणजे ती संसारात आडवी येत नाही. निजताना, बाळंतपणात, तापात फणफणताना वच्छलाबाईनं तो टाक कधी उतरवला नव्हता. उतरायचा तो फक्त कटरपुढं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पातं फिरत असे, तेवढा वेळ गीताबाई खुंटीवर आणि वच्छलाबाई एकटी.

निदान चिंच घरी येईपर्यंत तरी ती असंच समजत होती.

*

ते साल लातूरला रेल्वेनं पाणी नेल्याचं. वडवणीच्या बाजारात बैलापेक्षा कडब्याला गिऱ्हाईक जास्त. गावातली जनावरं छावणीत गेलेली, त्यामुळं दूध संस्थेत दूध नव्हतं. पण संस्थेची नवी इमारत मात्र उभी राहिली होती, कारण ती वरून मंजूर झाली होती आणि मंजूर झालेलं काही पाऊस बघून थांबत नाही. चेअरमन मोहनरावांना तिथं मीटिंगसाठी लांबलचक टेबल पाहिजे होतं. शिवेवरची मोठी चिंच उभ्या उभ्या वाळली होतीच. तिला आडवी केली.

वखारवाल्यानं तिच्या जाड फळ्या पाडल्या त्या शिव्या देत.

“हे झाड न्हाई, खिळ्याचं दुकान हाय,” तो म्हणाला. “म्होरचं काम सुताराच्या घरी न्या. माझं पातं वाया घालवू नका.”

चिंचेत खिळे कशाचे, हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. एखाद्याच्या अंगात काही शिरलं की त्याला चिंचेला पाठ लावून उभं करायचं. जाणत्यानं टाळूवरची बट खिळ्याला गुंडाळायची आणि हातोडीनं खिळा झाडात घालायचा. मग बट कापायची. माणूस घरी जायचा, शिरलेलं होतं ते तिथंच राहायचं. खिळा निघाला तर तेही निघालं.

त्यातला एक खिळा गीताबाईचा होता. केस वच्छलाबाईचे.

*

फळ्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा सासू ओसरीवर पडून होती. सुंदरबाईची नजर कधीच गेली होती, पण नाक आणि कान शाबूत.

“कशाचा वास येतुया?”

“लाकडाचा, आत्याबाई.”

“कोन्तं लाकूड?”

“संस्थेचं.”

“झाडाचं नाव इचारलं मी. संस्थेचं झाड आस्तंय व्हय?”

“चिंच हाय.”

म्हातारीचं तंबाखू चघळणं थांबलं.

“शिवंवरली?”

टेम्पोवाला पोरगा फळी आपटून गेला तेव्हा धूळ उठली, आणि त्या धुळीत सासू हळूच म्हणाली, “माज्या दारात आनलीस ग तिला.”

*

लाकूड आधी हातानं बघ. मग चुंबकानं बघ. मग काप.

वाहेद कटरची दुरुस्त केलेली मोटार घेऊन आला तो भर दुपारी. त्याचं वाइंडिंगचं दुकान वडवणीत स्टँडसमोर. बंकट असल्यापासूनचा घरोबा. मोटार बसवून त्यानं पट्टा चढवला आणि कपाळाचा घाम शर्टाच्या बाहीला पुसला.

“मावशी, चेअरमनचं टेबल येवढं लांब कशाला? दूध तर कपात मावतंय.”

“प्वाट टेकवायला जागा लागती रं त्यांला.”

“आन् बाकीच्या मेंबरांला?”

“त्यांनी टेबलाखाली बसायचं.”

वाहेद हसला. मग त्यानं पिशवीतून एक गोल, काळा, जड तुकडा काढला. फुटक्या भोंग्यातला चुंबक होता तो. सुतळीला बांधून त्यानं तो पहिल्या फळीवरून सावकाश ओढला. मध्येच चुंबक थबकायचा, एका जागी ओढ घ्यायचा, जणू खालून कुणी हाताला धरलं. तिथं वाहेद खडूनं फुली मारी, वच्छलाबाई पटाशीनं उकरी आणि पकडीनं खिळा ओढून काढी. प्रत्येक खिळा निघताना किंचाळायचा. गंजलेले, चौकोनी, लोहाराच्या हातचे. प्रत्येकाभोवती लाकूड शाईसारखं काळंनिळं झालेलं.

कुणाकुणाचं काय काय सुटत होतं कुणास ठाऊक. वच्छलाबाईला त्याचं भय वाटलं नाही. ती माणसं आता गावात नव्हती. काही ऊसतोडीला गेली ती तिकडंच राहिली, काही मेली होती.

“तिसरी फळी तुमी बघून घ्या,” वाहेद म्हणाला. “मला गिऱ्हाईक वाट बघतंय. पन एक बी ठेवू नका, मावशी. पात्याचा दात उडाला तर गोळी सुटल्यावानी येतो. डोळाच फोडंल.”

“मला शिकवू नगं. जा.”

*

तिसरी फळी. शेडमध्ये कुणी नाही. पत्रा तापून तडतडतोय.

चुंबक एकाच जागी थबकला. तिथं तिनं खडूनं फुली मारली.

वच्छलाबाईनं फळीची खालची कड पाहिली. बुंधा गुडघाभर जमिनीत राहिला होता, तेवढं सोडून मोजायचं. मापाला टेप होता, पण तिनं टेप घेतला नाही. ती भुश्यात उताणी झाली, तेव्हा चिंचेला पाठ लावून उभी होती तशी, फळीला खांदा लावून, कडेच्या खाली गुडघाभर पाय सोडून. मग हात डोक्यामागं नेला. बोटं जिथं टेकली तिथं खडूची फुली होती. बोटभरसुद्धा इकडंतिकडं नाही.

ती तशीच पडून राहिली. टाळूला गार लागलं. एवढ्या उन्हात.

*

काय झालं होतं, तर एवढंच.

बहात्तरला आडाच्या तळाशी वाटीभर झरा उरला होता. बायकांना दोर बांधून खाली सोडायचे, त्या वाटी वाटीनं घागर भरायच्या. गीताबाईला बंकटनं आणि सुंदरबाईनं सोडलं. दोर तुटला, असं गावाला सांगितलं गेलं. गावातल्या प्रत्येकाच्या घरी त्या साली काही ना काही तुटलं होतं. कुणी जास्त विचारलं नाही.

वर्ष सरायच्या आत वच्छला आली. सोळाची. हळदीच्या दिवशी तिनं खाली मान घालून पहिल्यांदा नवऱ्याचं काही पाहिलं असेल तर ते त्याचे तळवे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सोलून निघालेले, नवं गुलाबी कातडं आलेले. तिचा बाप मोटेवरचा माणूस. तुटलेला दोर तळवे सोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दोर सोलतो तो जोडीदारानं आपलं टोक सोडलं आणि सगळा भार एकावर आला तर.

सासूचे तळवे तिनं पुढं पाहिले. मऊ होते.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण एका सकाळी भाकरी थापता थापता तिचं अंग ताठ झालं, डोळे फिरले आणि तोंडातून शब्द आले: “दोर तुटला न्हाई. सोडला.”

सासूच्या हातातलं उलथणं तव्यावर पडलं. बंकट उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी चिंच, खिळा, हातोडी.

त्यानंतर तिच्या अंगात कधी काही आलं नाही. गाव म्हणालं, गीता बोलली, गीताला बांधली. वच्छलाबाईनंही तेच धरून ठेवलं. बरं होतं ते धरायला. सासूच्या हातचं खायचं होतं, त्याच घरात पोरं वाढवायची होती.

*

एकदा लाकूड पात्याला लागलं की अर्ध्यात सोडायचं न्हाई. काही झालं तरी. पातं थांबेस्तवर धरून ठेवायचं.

हे बंकट दहादा सांगायचा. त्याचा श्वास घरघरायला लागला आणि कटरवरचं काम त्यानं बायकोला शिकवलं, तेव्हाही आधी हेच. पात्यामागची लोखंडी पत्ती, वरचं टोपण, ढकलायची काठी, टेबलाखाली गुडघ्यानं बंद करायचं बटण, सगळं त्यानं स्वतः बसवलं. कोणत्याही सुतारानं ऐकलं असतं तर हसला असता, इतकी काळजी. अर्ध्यात सोडायचं न्हाई, असं म्हणताना तो तिच्याकडं बघायचा नाही.

*

“मावशी, राहिला का येखादा?” मोटारसायकल चालू ठेवून वाहेदनं फाटकातून ओरडून विचारलं. दुकान बंद करून तो घरी निघाला होता.

वच्छलाबाईच्या हातात पकड होती. फुली तिनं सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

“न्हाई रं. साफ हाय.”

खिळा तिला काढवेना. गीता निघाली तर कुठं जाईल, हे ठाऊक होतं: जिथून काढली तिथंच. आणि साठीला टेकलेल्या बाईनं पुन्हा चुलीपुढं ताठ होऊन तेच बोलायचं, आणि या वेळी ऐकायला बंकटही नाही. त्यापेक्षा कापच तीन बोटं बाजूनं घेऊ. मोहनरावाचं टेबल तेवढं अरुंद होईल. झालं तर झालं.

गाईडपट्टी तिनं सरकवली. मापून कसली. जाणत्यानं खिळा सरळ मारला होता की तिरपा, हे तिला दिसलेलं नव्हतं. तिची पाठ झाडाला होती.

*

पात्याच्या रेषेत उभं राहायचं न्हाई. एका अंगाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डाव्या अंगाला उभी राहिली. पातं लाकडाच्या वर नखभरच. बटण दाबलं, मोटारनं सूर धरला, आणि तो पूर्ण चढेपर्यंत ती थांबली. मग फळी पुढं. चिंच घट्ट, सावकाश जाते. भुसा लालसर उडत होता आणि त्याला आंबूस वास होता, वाळल्या झाडात इतकी वर्षं कुठं दडला होता कुणास ठाऊक. हातभर गेली. दीड हात. काठी लावली. पुसलेल्या फुलीच्या शेजारी पातं आलं आणि सूर

किंकाळी.

ठिणग्यांचा पिसारा. फळी थरथरली, हात खांद्यापर्यंत बधिर झाले. काहीतरी कानाजवळून सूं करत गेलं आणि मागच्या पत्र्यात ठाण्णकन् बसलं. दोन्ही हात एकच गोष्ट मागत होते: सोड.

तिनं सोडलं नाही. गुडघ्यानं बटण मारलं. पातं लगेच थांबत नाही. ते फिरत राहिलं, लोखंडावर घासत राहिलं, एकच लांब आवाज काढत, आणि ती फळी टेबलावर दाबून उभी राहिली, छातीचा भार टाकून, आवाज कुरकुरीवर येईपर्यंत, कुरकूर विझेपर्यंत.

मग शांत.

काप अर्धाच झाला होता. फटीत खिळा दिसत होता, तिरपा, कापलेल्या जागी नवा कोरा चकाकणारा. भोवतीचं लाकूड काळं. त्यात केस नव्हते.

वच्छलाबाई वाट बघत उभी राहिली. आता मान ताठेल. आता दातखीळ बसेल. पत्र्याला पात्याचा दात लागला होता तिथं भोक पडलं होतं, त्यातून उन्हाचा एक दोरा आत आला होता. तिला तहान लागली. पाय दुखायला लागले. बाकी काही नाही. कुणी आलं नाही.

कुणी यायचंच नव्हतं का? हा विचार आला आणि चिंचेच्या सगळ्या खिळ्यांपेक्षा तोच खोल शिरला. बांधलेली गीता नव्हती. तर मग त्या झाडात इतकी वर्षं कोण उभं होतं?

ओसरीवरून हाक आली.

“गीता?”

*

वच्छलाबाई ओसरीवर गेली. अंगावर भुसा, सदऱ्याची एक बाही फाटलेली.

“कोन हाय? गीता?”

“वच्छला हाय, आत्याबाई.”

“ती वरडली. मी आयकलं.”

“कटर वरडला. खिळा कापला त्येनं.”

म्हातारीनं हवेत हात फिरवला, सुनेचा चेहरा शोधत. सापडला तेव्हा गाल, हनुवटी, जबडा चाचपला. ताठ आहे का बघत होती.

“बोल म्हन तिला. काय बोलायचंय त्ये बोल म्हन, आन् जा म्हन.”

“ती न्हाई बोलत,” वच्छलाबाई म्हणाली. आवाज तिचा स्वतःचाच होता, रोजचा, पाणी आलं का विचारायचा. “मी बोलती. दोर तुटला न्हाई, आत्याबाई. त्यांचे हात सोलून निघालते. तुमचे न्हाई. तुमी कावून सोडला?”

सुंदरबाईचा हात तिच्या गालावरून निसटला. आंधळे डोळे दाराकडं वळले आणि ती मोठ्यानं ओरडली, चाळीस वर्षांपूर्वीच्या जोरात.

“बंकट! आरं बंकट, हिच्यात परत शिरलंय! जानत्याला बलव! चिंचंला न्या हिला!”

रस्त्यानं कुणी जात नव्हतं. छावणीच्या बाजूनं एका गाईचा हंबर आला, तेवढाच.

“जानता मेला, आत्याबाई. ह्ये बी गेले. चिंच मागं शेडात पडलीया.”

“बंकट…”

“माझ्यात कुनी न्हाई. हात लावून बघा परत.”

म्हातारीनं हात लावला नाही. गोधडी ओढून तोंडावर घेतली.

वच्छलाबाई खाटेच्या कडेला बसली. घाई कसलीच नव्हती. लाईट जायला अजून वेळ होता आणि टेबल आज होणार नव्हतं. गोधडीखाली श्वास भरभर चालला होता. उन्हानं ओसरी तापली होती. तिनं हळूच गोधडी हनुवटीपर्यंत खाली घेतली, कपाळाला चिकटलेले पांढरे केस बाजूला केले, आणि बसून राहिली.

“सांगा,” ती म्हणाली.