आधी कुणाला कळलं

नवऱ्याला आत तपासणीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “यांचा आवाज कधीपासून बसलाय?”

बायको आठवतेय तोवर नणंद म्हणाली, “थंडी सुरू झाल्यापासून. मला फोनवरच कळलं.”

बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. संसार हिचा, आणि कळलं कुणाला, तर नणंदेला!

“फुफ्फुसाचा हा कॅन्सर झपाट्याने पसरतो,” आधीच आलेले रिपोर्ट पाहत डॉक्टर म्हणाले. “औषधांनी आधी आकसतो, पण बहुधा पुन्हा उलटतो. वर्षभर मिळालं तरी पुष्कळ.”

बाहेर नणंद डोळे पुसत म्हणाली, “वहिनी, मी राहायलाच येते. दादाला माझ्या हातचं आवडतं.”

“या की, वन्सं. स्वयंपाकघर तुमचं,” बायको म्हणाली. “उशाशी मात्र मी बसणार. यापुढे त्यांचं काहीही तुमच्याआधी मला कळायला हवं.”